भिंतीवरची यादी

आमच्या गावात कुठलीही यादी झाली की ती भिंतीवर लागते. ग्रामपंचायतीचं कार्यालय मारुतीच्या देवळासमोर आहे. त्याच्या देवळाकडच्या लांब भिंतीला गावात नुसतंच 'भिंत' म्हणतात. नळजोडणीची यादी, मतदारांची यादी, रोजगाराच्या कामावर कोण किती दिवस होतं त्याची यादी, सगळं तिथं खळीने चिकटवलेलं असतं. ही पद्धत पडली ती एका भांडणातून. घरकुलाच्या यादीत एकदा दुमजली बंगल्याच्या मालकाचं नाव निघालं. मी तेव्हा नवी सून होते. त्या दिवशी देवळासमोर अशी काही भाषा चालली होती की सासूबाईंनी मला आत ओढून दाराला कडी घातली. मग गावाने ठरवलं, पंचायतीच्या कपाटात यादी म्हणून ठेवायची नाही, जे असेल ते भिंतीवर. तेव्हापासून कुणाचा कुणावर भरवसा नसला की माणसं म्हणतात, "भिंतीवर लाव मग." लग्नातल्या मानपानावरून वाजलं तरी म्हणतात.

मला या भिंतीचा फार अभिमान होता. माझ्या माहेरी, मुठ्याला, असं काही नव्हतं. तिथं पंचायतीत काय चालतं ते पंचायतीतल्यांनाच ठाऊक. माहेरी गेले की मी आमच्या भिंतीच्या गोष्टी सांगायचे. आता तिच्यासमोरून जाताना मी देवळाकडे तोंड करून चालते. लोकांना वाटतं सरपंचबाई देवभोळ्या झाल्या.

सरपंच मी झाले ते महिला राखीव जागेमुळे. सगळ्यांनी धरून चाललेलं होतं की सही माझी आणि कारभार ह्यांचा. दोन सभा तसंच झालं. तिसऱ्या सभेला हे माझ्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढू लागले तेव्हा मी म्हटलं, "अहो, तुम्ही बाहेर बसा. चहा पाठवते." सभा हसली. ह्यांनी आठवडाभर अबोला धरला, पण पुन्हा खुर्ची ओढली नाही.

आमचं गाव पुण्याजवळ, भूगावच्या पुढे आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा घराच्या दारातून रस्त्यापर्यंत भाताची खाचरं होती. आता तिथं चौदा खोल्या आहेत, एका ओळीत, वर पत्रा. आमच्याच आहेत. गावात आता निम्म्याहून जास्त माणूस बाहेरचं आहे, नांदेड, बीड, लातूरकडचं, बिहारचं, बंगालचं. कुणी बांधकामावर, कुणी कंपन्यांमध्ये साफसफाईला, कुणी ऑफिसात. त्यांच्या भाड्यावर आम्ही घरांना फरशा बसवल्या, आणि त्याच फरशीवर बसून आम्ही म्हणायचो, भाडेकरूंनी गावचं पाणी संपवलं.

पाण्याचं मात्र खरं होतं. टाकी जुनी, माणसं वाढलेली. तालुक्याला वाढीव पाणी मागायचं तर माणसं किती ते लिहून द्यावं लागतं, आणि तेच पंचायतीला माहीत नव्हतं. घरमालक खोल्या लपवत, घरपट्टी वाढेल म्हणून. शिवाय भाडेकरूला कुठलाही कागद द्यायला माणसं घाबरत. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळात कसणाऱ्या कुळाच्या नावावर जमीन झाली होती. ती भीती अजून घराघरांत आहे. खोलीतल्या भाडेकरूला साधं रहिवासी असल्याचं पत्र द्या म्हटलं, तर शिकलेली पोरंसुद्धा म्हणत, "उद्या कूळ लागलं म्हंजे?" खोलीचा आणि कुळाचा काडीचा संबंध नाही, हे सांगून माझा घसा कोरडा पडला.

म्हणून मी ठरवलं, सगळं उघड करायचं. घरोघर जाऊन बाहेरून आलेल्यांची नोंद करायची. वर्षभर राहिलेल्या प्रत्येकाला पंचायतीचा रहिवासी दाखला द्यायचा, घरमालकाने पत्र दिलं नाही तरी. पाण्याच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या, आणि ग्रामसभेला भाडेकरूंनाही बोलवायचं. मत देता येणार नाही, पण बोलता तरी येईल. तालुक्याला पौडला मी हे सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "असं काम कुणी केलेलं नाही." मी पदर सावरत बाहेर पडले, पण मनातून उड्या मारत होते.

आमच्या नऊ नंबरच्या खोलीत एक बाई राहायची. नांदेडकडची, तिशीची, हिंजवडीच्या एका कंपनीत साफसफाईला. सकाळी सहाला हायवेवरून कंपनीची बस धरायची, संध्याकाळी सहाला परत. एक सात वर्षांची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला. दोन वर्षांत तिने मला एकदाही नळावरून, विजेवरून काही ऐकवलं नाही. घरी कोण कोण म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आम्ही दोघीच आहोत, काकू." गळ्यात काही नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं की विधवा आहे, आणि पुढे गावालाही तेच सांगितलं. विचारायचं ते विचारलं नाही आणि ठरवायचं नव्हतं ते ठरवलं.

नोंदीसाठी आम्ही एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, लिहीत होते. मी शेजारी बसून ओळख पटवत होते. रांग पार फाटकापर्यंत गेली होती. तिची पाळी आली तेव्हा तिने पिशवीतून आधार कार्ड काढलं. त्यावर नवऱ्याचं नाव आणि गावाकडचा पत्ता.

"काकू, कुठंही गेलं की गावाकडून कागद आणा म्हणतात," ती म्हणाली. "रेशनला तेच, बँकेत तेच. मला गावाकडं जाता येत नाही. इथला दाखला मिळाला तर आधारवरचा पत्ता बदलता येईल. मग लेकराच्या कुठल्याच कागदासाठी तिकडं जायची पाळी येणार नाही."

"मिळेल की," मी म्हटलं. "त्यासाठीच तर बसलोय."

भाऊसाहेबांनी विचारलं, "मूळ गाव?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे नाव कुठं कुठं जाईल?"

उन्हं चढली होती. मागचा माणूस पुढे सरकत होता. मला तिचा थोडा रागच आला, खरं सांगते. आम्ही रविवारी राबतोय आणि हिचं आपलं भलतंच. "कुठं जाणार? कपाटात जाईल," मी म्हटलं. "दोन किल्ल्या आहेत. एक भाऊसाहेबांकडे, एक माझ्याकडे."

तिने क्षणभर माझं तोंड पाहिलं. मग गाव सांगितलं, तालुका सांगितला. जाताना मला हात जोडले. गावाकडं का जाता येत नाही, हे मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी ग्रामसभा झाली. भाडेकरू आले, आणि येऊन मागे चपलांपाशी बसले. मी त्यांना उठवून सतरंजीवर बसवलं. पाण्याच्या पाळ्यांचा ठराव झाला. दाखल्यांचाही झाला, कुरकुर होऊन का होईना. मग आबा उठले. आबा माझे चुलत सासरे. घरकुलाच्या वेळी सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता.

"नावं लिवली, चांगलं केलं," आबा म्हणाले. "पर यादी भिंतीवर पायजे. कुनाच्या खोलीत किती मानूस ऱ्हातंय, कुटनं आलंय, गावाला कळाय पायजे. लई जनांनी खोल्या दडवल्यात हितं."

"व्हय, भिंतीवर!" सगळीकडून आवाज आला.

मला तर हेच हवं होतं. खोल्या लपवणारे माझ्या विरोधातलेच होते. मी हात वर करायला सांगितले. गावाने केले. ते बघून भाडेकरूंनीही केले, त्यांचं मत मोजायचं नव्हतं तरी. ठराव एकमताने मंजूर. नऊ नंबरची त्या दिवशी कामावर होती. आणि कपाटाचं मी काय बोलून बसले होते, ते मला त्या गर्दीत आठवलंसुद्धा नाही.

यादी तयार झाली तेव्हा भाऊसाहेबांनी चाचरत विचारलं, "मॅडम, मूळ गावाचा रकाना पण लावायचा?"

"सगळं लावा," मी म्हटलं. "उद्या कुणी म्हणायला नको, सरपंचबाईनं अर्धं झाकलं."

यादी लागली त्या दिवशी भिंतीपुढे जत्रा भरली. नाव, मूळ गाव, कुणाच्या खोलीत, केव्हापासून. कुणाच्या सहा खोल्यांच्या अकरा निघाल्या, कुणाच्या गोठ्यात चार कुटुंबं निघाली. लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. भाडेकरूही आले. बोटाने आपापलं नाव शोधत होते. एक बिहारी गवंडी आपल्या नावाशेजारी ताठ उभा राहून फोटो काढून घेत होता. मला बघून म्हणाला, "पहली बार किसी गाँव ने नाम लिखा है, मैडम." माझे डोळे भरून आले होते, तेही सांगून टाकते. मला वाटलं, आपण एक चांगलं काम केलं.

ते फोटो कुठं कुठं गेले, ते मला पुढे कळलं. बांधकामावरच्या पोरांनी आपल्या गावच्या ग्रुपवर टाकले, बघा, आपल्याकडची किती माणसं आहेत म्हणून. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

तीनएक आठवड्यांनी, दुपारी, एक माणूस दारात आला. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. वाकून नमस्कार केला. "सरपंचबाईंचं घर हेच ना? फार लांबून आलो. माझी बायको आणि लेक तुमच्याकडे राहतात." त्याने मोबाईल पुढे केला. आमची भिंत होती. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि तिच्या नावावर बोट ठेवलं.

"दोन वर्षं शोधतोय," तो म्हणाला. "तुमच्या पंचायतीचा कारभार एकदम उघड आहे बघा. आमच्याकडं असं काही नाही."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी त्याला पाणी दिलं, चहा टाकला. विधवा समजत होते ती सवाशीण निघाली म्हणून मनात तिच्यावर थोडी रुसलेसुद्धा. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं, असं काहीतरी मी बोललेही. "बसा," म्हटलं, "सहाला येते ती. मुलगी शाळेतून येईलच." आणि हात करून नऊ नंबरचं दार दाखवलं.

मुलगी आली ती उड्या मारत आली. फाटकाशी आली आणि तिने त्याला ओट्यावर बसलेलं पाहिलं. उडी तिथंच थांबली. तिने आवाज केला नाही. तिच्या पायांशी जमीन ओली झाली. तो हसून म्हणाला, "ये, बाबा आलेत ना." ती एक एक पाऊल मागे गेली, पाण्याच्या ड्रमामागे बसली आणि दोन्ही हात डोक्यावर धरले, कोपरं पुढे काढून. मीही चार पोरं वाढवली आहेत. असं डोकं झाकायला लेकरू मार खाऊनच शिकतं.

माझ्या हातातली कपबशी कधी खाली ठेवली आठवत नाही. मी मुलीला उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि कडी घातली. तिच्या आईला फोन लावला. "घरी येऊ नको," म्हटलं. "तो आलाय."

ती म्हणाली, "लेकरू?"

"माझ्याजवळ आहे. कडी घातलीये."

"त्याला कुणी सांगितलं, काकू?"

बाहेर तो दार ठोकू लागला होता, आणि आता त्याचं बोलणं मघासारखं नव्हतं. मी पोलिसांना फोन केला. तोपर्यंत आवाज ऐकून हे आले, आबा आले.

"पावनं," आबा म्हणाले, "हितं बायकापोरींवर आवाज चढवायचा न्हाई. निगायचं."

त्याने मोबाईल आबांच्या तोंडापुढे नाचवला. "मी चोरून नाही आलो. पत्ता तुमच्याच पंचायतीनं दिलाय. आज जाईन, परत येईन."

आबांनी फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

पोलीस आले, त्याचं नाव-गाव लिहून घेतलं, त्याला घेऊन गेले. बाईंना तक्रार द्यायला सांगा, आम्ही लक्ष ठेवू, म्हणाले. त्यांनी नीटच सांगितलं. पण तो परत येणार नाही, असं कुणाला सांगता येईल?

ती दिवेलागणीला मागच्या बांधावरून आली. मुलीला पोटाशी धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग दोन पिशव्या भरायला लागली. शेगडी, बादल्या, भिंतीवरचं मुलीचं वेळापत्रक तसंच ठेवलं. मी दारात उभी होते. म्हटलं, "राहा गं. गाव आहे पाठीशी. आबा दाराशी बसतील."

"किती दिवस बसतील?" ती म्हणाली.

तिचा दाखला माझ्याकडेच होता. आदल्या दिवशी मी सही केली होती, शिक्का मारला होता. सगळे दाखले पुढच्या ग्रामसभेत टाळ्यांच्या गजरात वाटायचे असं माझ्या डोक्यात होतं, म्हणून अडवून ठेवले होते. मी तो आणून तिच्या हातात दिला. तिने दिव्याखाली धरून शेवटपर्यंत वाचला. मग घडीवर घडी बसवून मला परत दिला.

"याच्यावर हाच पत्ता आहे, काकू. आता याचं मी काय करू?"

मी तो पुन्हा तिच्या हातात द्यायला गेले.

"तुम्ही कपाट म्हणाला होतात," ती म्हणाली.

ती चिडून बोलली नाही. चिडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिने मागे सरून मुलीची चप्पल शोधायला घेतली. कुठं जाणार ते मी विचारलं नाही. या खेपेला मुद्दाम विचारलं नाही. ह्यांनी जीपमधून दोघींना चांदणी चौकात सोडलं. कुठल्या बसमध्ये चढतात ते बघू नका, असं मी ह्यांना बजावून सांगितलं होतं. हे पाठ फिरवून उभे राहिले म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात गेले तर आबा भिंतीपाशी होते. शेजारी पाण्याची बादली, हातात खुरपं. यादी खरवडत होते. खळ पक्की बसली होती, कागद तुकड्यातुकड्याने निघत होता. सत्तरीच्या पुढचा माणूस, घामाघूम झालेला. मी म्हटलं, "आबा, शिपाई करेल."

"मीच म्हनलो हुतो ना भिंतीवर लावा," ते म्हणाले आणि खरवडत राहिले. मी दुसरं खुरपं आणलं.

भिंत स्वच्छ झाली. फोटो जिथं गेले होते तिथून काही निघाले नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत मी तिचं नाव न घेता सगळं सांगितलं. चहा दिला तेही सांगितलं. ठराव मांडला, की बाहेरून आलेल्यांची नावं कपाटात राहतील. भिंतीवर फक्त कुणाच्या किती खोल्या आणि किती माणसं एवढंच लागेल. कपाट कुणी उघडलं, कधी, कशासाठी, ते मात्र भिंतीवर लिहायचं, मी उघडलं तरी. आणि नाव लिहून घेण्याआधी ते कोण कोण वाचणार हे त्या माणसाला सांगायचं. मागून कुणीतरी म्हणालं, "बैल गेला आन् झोपा केला." बरोबरच होतं त्याचं. दुसरा म्हणाला, "मग ह्यात उघड काय ऱ्हायलं?" मी म्हटलं, "पंचायत काय करती ते उघड ऱ्हाईल. कोन कुनापासनं लपून हितं आलंय, ते आपल्याला कशाला पायजे?" या खेपेला, मत मोजलं जाणार नसलं तरी, मी हात वर करायला आधी भाडेकरूंना सांगितलं, आणि ज्यांनी केले नाहीत त्यांना का ते विचारलं. सभा फार लांबली.

वाढीव पाणी मंजूर झालं. नवी टाकी उभी राहते आहे. दाखले बाकीच्यांना मिळाले, टाळ्यांशिवाय, ज्याचे त्याच्या हातात. आता नवं माणूस नोंदीला आलं की रांगेतलं कुणीतरी त्याला आधीच काहीबाही सांगतं, आणि ते माझ्याकडे बघून विचारतं, नाव कुठं जाईल? मी उठून कपाट उघडून दाखवते. काहींना पटतं. काही नाव न देताच जातात, आणि मी त्यांना थांबवत नाही.

नऊ नंबरची खोली मी काही महिने भाड्याने दिली नाही. मग दिली, कारण बंद खोलीने कुणाचं भलं होत नाही. तिच्याकडून फोन आला नाही. यावा अशी माझी अपेक्षाही नाही. माझ्याकडे तिचा पत्ता नाही, आणि तेच तिच्यासाठी बरं आहे असं मी स्वतःला रोज समजावते.

तिचा दाखला कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, वेगळ्या पाकिटात. माझी सही, पंचायतीचा शिक्का, तिचं नाव. भाऊसाहेबांनी एकदा विचारलं, "मॅडम, हा रद्द करायचा का?" मी नको म्हटलं. नाव कपाटात राहील असं मी तिला सांगितलं होतं. आता ते तिथंच आहे.